वाढणारी चौकट

चौसाळ्यात त्या साली असा दुष्काळ पडला होता, की विहिरीत सोडलेली बादली तळाशी जाऊन झोपायची आणि हाक मारली की जांभई देत वर यायची. खोटं वाटत असेल तर राहू द्या. पण डॉक्टर सुंदररावांच्या दवाखान्याची चौकट वाढते, हे मात्र अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

त्याचं असं झालं. ऊसतोडीला निघालेल्या बायकांची उंची डॉक्टर दसऱ्याच्या सुमारास चौकटीशी मोजत आणि खिळ्यानं रेघ ओढत. वाचता कुणाला येतंय, म्हणून रेघेशेजारी जिच्या तिच्या हातावरचं गोंदण कोरत. काही सालांनी बाई आपल्याच रेघेखाली भरे. सागवान अजून जितं आहे, असं म्हणून बायका हसत. गर्भपिशवीबरोबर अंडाशयंही काढली की हाडं भुसभुशीत होतात, हे सांगून सांगून डॉक्टरांचा घसा कोरडा पडला होता. पण लोकांचा हाडापेक्षा लाकडावर विश्वास जास्त.

त्या सकाळी दगडाबाई पाठदुखीची गोळी मागायला आली. वय चाळिशीचं, चाल सत्तरीची. सोबत सून छबू, दोन लेकरांची आई. बाहेर मुकादम जालिंदरची जीप उभी. पाळीत काम बुडतं, खाडा पडतो, म्हणून कारखाना सुरू व्हायच्या आत सुनेची पिशवी काढून आणायची होती. अंगावरून पांढरं जातंय म्हणजे पुढं कॅन्सरच, अशी भीती शहरातल्या एका दवाखान्यानं घातलीच होती. ते गोळ्यांनी बरं होतं, असं डॉक्टर थकल्या आवाजात म्हणाले. दगडाबाईनं कानाआड केलं. तिची पिशवी पंचविशीतच गेली होती. तोडीवरच्या बाईला नाक टोचावं तसंच ते.

डॉक्टरांनी वाद सोडला आणि तिला चौकटीशी उभं केलं. लग्नानंतरच्या सालची तिची रेघ, शेजारी विंचू, डोक्याच्या चार बोटं वर.

"लई वाढली हो तुमची चौकट."

मग त्यांनी छबूला उभं केलं. तिची तीन सालांमागची रेघ, शेजारी तुळस. डोकं बरोबर रेघेला टेकलं.

"हिच्यासाठी का नाही वाढली, दगडाबाई?"

दगडाबाईनं तुळस चाचपली, विंचू चाचपला. पुन्हा तुळस. बाहेर हॉर्न वाजला.

"मंग मीच सरले म्हना," ती हळूच बोलली.

सुनेचा हात धरून ती बाहेर गेली आणि छबू येणार नाही म्हणून जालिंदरला सांगितलं. पाळीत सून खोपीत बसेल, तिच्या वाटचा ऊस आपण तोडू.

जालिंदर हसला. "मावशी, तुमच्यानं कोयता तरी उचलंल का?"

"उचलताना पाठ मोडती. म्हनून तर हिची पिशवी जाग्यावर ऱ्हानार हाय."

जीपमध्ये मागं पिशवी काढायलाच निघालेल्या आणखी तिघी बसल्या होत्या, मांडीवर कपड्यांची गाठोडी घेऊन. डॉक्टर खिळा हातात धरून उंबऱ्यात आले. भाषण करायचं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं.

"बायांनो, निघालाच आहात तर उंची तेवढी मोजून जा."

जालिंदरनं जीप चालू केली. दोघी गाठोड्याकडं बघत राहिल्या. तिसरीनं पदर सावरला आणि पाय खाली टाकला.