सिल्लोडचा पत्ता

द्वारकाबाईंचा शिवणक्लास गुलमंडीमागच्या बोळात होता. तिथं ब्लाउज शिवले जात हे खरंच, पण जातीबाहेर लग्न करायला घरातून पळालेल्या पोरींना, कोर्टात लग्न लागेपर्यंत, क्लासला येणाऱ्या बायाच लपवून ठेवत. मशीनींच्या खडखडाटात कुजबुज कुणाला ऐकू जाते!

मागे एकदा आतल्याच बाईनं तोंड उघडलं आणि एक पोर जिवानिशी गेली. तेव्हापासून द्वारकाबाई पोरीचा खरा ठिकाणा एकीलाच सांगायच्या. बाकी प्रत्येकीला वेगळं, कुलूपबंद घर. ज्या कुलपावर पोरीच्या घरची माणसं धडकतील, ते घर जिला सांगितलेलं ती बाई फुटली समजायचं. मग भांडण नाही, तंडण नाही. तिला क्लासला बोलावणं तेवढं बंद व्हायचं.

आता लपवायची होती श्रेया, क्लासातल्याच आशाबाईंची सख्खी भाची. पाचोडच्या भावाची पोर, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या हनुमानबरोबर निघून आलेली. आशाबाईंनी आडपडदा न ठेवता नातं सांगून टाकलं, आणि त्या दिवसापासून त्या आत आल्या की मशीनी चालू राहायच्या, बोलणं मात्र थांबायचं.

"सिल्लोडला हाय," द्वारकाबाई हळूच म्हणाल्या. "बाजार समितीच्या मागं, निळ्या फाटकाचं घर."

आशाबाईंना फार लागलं ते. इतक्या पोरींसाठी जीव टांगणीला लावला, आणि शेवटी आपल्याच वाट्याला कुलूप!

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रेयाचा भाऊ विश्वजीत दारात उभा. गल्लीच्या तोंडाशी गाडीत त्याचे मित्र बसलेले. त्यानं चहाला हातसुद्धा लावला नाही.

"आत्या, तुमच्या क्लासात काय चालतं ते कळलंय मला. आता एकेकीच्या घरात शिरतो. घावली की घरी न्यायची नाय. तिथंच निकाल लावायचा."

आशाबाईंनी मनाशी हिशेब केला. श्रेया इथंच, शहरातच, क्लासमधल्या कुणाच्या तरी घरी असणार. हा मोकाट सुटला तर अंधार पडायच्या आत तिला हुडकून काढील. याला लांब धाडायलाच हवं होतं. आणि लांबचं एक रिकामं घर त्यांच्याकडे होतंच की! क्लास सुटला तर सुटला, पोर तर वाचेल.

"सिल्लोडला जा," त्या म्हणाल्या आणि निळं फाटक सांगून टाकलं. डोळ्यांना पदर लावला तो नाटकाचा, पण रडू खरं होतं.

गाडी गेल्यावर त्यांना कितीतरी दिवसांनी भूक लागली. दुपारी त्या ताठ मानेनं क्लासला गेल्या.

"उद्यापासून बोलावू नका मला," त्या द्वारकाबाईंना म्हणाल्या. "विश्वजीतला सिल्लोडला धाडलंय. बसंल कुलूप बघत. तवर पोरीला हलवा."

"कुलूप?" द्वारकाबाईंचा आवाज चिरकला. "अगं, कुलपं या समद्यांना दिली. खरं घर एकट्या तुला सांगितलं. तू आत्या तिची. दुसऱ्या कुणावर टाकू?"

"मग माझ्याशी बोलणं का तोडलं?"

"तुझ्या जिवाला घोर व्हता, म्हणून मीच म्हणले, तिच्यापुढं विषय काढू नका."

बोलता बोलताच त्यांनी सिल्लोडला फोन लावला होता. निळ्या फाटकाच्या घरातली रत्नमाला तिकडून बोलली.

"रत्नमाला, दार लाव आधी!"

"लावलेलंच व्हतं की," रत्नमालाचा आवाज अगदी निर्धास्त होता. "तुम्हीच म्हणला व्हता ना, आशाबाईचं नाव सांगंल त्यालाच उघड. आत्ताच त्यांचा भाचा आला. आत्यानं धाडलं म्हणला, म्हणून आत घेतलं."