पोटाशी धरायची उशी

बाळंतिणीला सल्ला द्यायला लायसन लागत नाही. मी लोकांना गाडी चालवायला शिकवते, शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून आपल्या पायाखालच्या जादा ब्रेकवर जीव ठेवून असते, त्यामुळे लायसनचं महत्त्व मला जरा जास्तच कळतं. तर मी दवाखान्यातून घरी येते न येते तोच माझ्या पलंगावर उशांचा बाजार भरला. नवऱ्याने पाठीला टेकायला तिरकी, पाचरीसारखी उशी आणली. नणंदेने पाजताना मांडीवर घ्यायची, चंद्रकोरीच्या आकाराची पाठवून दिली. सासूबाईंनी स्वतःची उशी माझ्या गुडघ्यांखाली सरकवली आणि म्हणाल्या, "हिच्यापुढे त्या सगळ्या झक मारतात."

तिरकीवरून मी घसरायचे. चंद्रकोर नेमकी टाक्यांवर टेकायची. सासूबाईंची त्यातल्या त्यात बरी होती, पण तसं त्यांना सांगायला मी काही वेडी नाही. खरी गरज होती ती पोटाशी धरायच्या उशीची. दवाखान्यातल्या नर्सने बजावलं होतं, "खोकताना, शिंकताना, हसताना, कुशीवरून उठताना उशी पोटावर घट्ट दाबून धरायची. सिझर म्हणजे खेळ नाही." तिच्या तोंडून 'हसताना' ऐकून मला हसू फुटलं आणि पुढच्याच क्षणी डोळ्यांतून पाणी आलं. आई गं! कुणीतरी ओटीपोटाची चेन ओढून उघडतंय, असं वाटलं.

पण दुखण्याचं सोडा. माझं खरं दुखणं वेगळंच होतं. मला पूर्ण भूल दिली होती. चिमी जन्मली तेव्हा मी तिथे असून नव्हते. तिचं पहिलं रडणं नवऱ्याने ऐकलं, पहिल्यांदा तिला सासूबाईंनी उराशी घेतलं, नणंदेने फोनवर का होईना, पण माझ्याआधी पाहिलं. रांगेत माझा नंबर शेवटचा. मग जो तो मला सांगायला यायचा, ती कशी रडली नि कशी बघत होती. अरे, नऊ महिने पोटात मी वाढवली, आणि तिची ओळख मला तुम्ही करून देताय? मला एकच हवं होतं. तिने मला ओळखावं. आणि ती ओळखायला लागलीही होती. ती रडली की मला पान्हा फुटायचा, ब्लाउज भिजायचा, मी घेतली की ती गप्प व्हायची आणि एक डोळा किलकिला करून माझ्याकडे बघत प्यायची. त्या एका डोळ्यावर मी जगत होते.

तपासणीहून परतताना नवऱ्याने गाडी गाद्या-उशांच्या दुकानापुढे थांबवली. दुकानदार कंटाळलेला गृहस्थ होता, काउंटरवर कोपर टेकून जांभया देत होता. मी स्टुलावर बसले, एकेक उशी पोटाशी धरली आणि खोकून पाहिलं. फोमची होती ती दगडासारखी टणक. पिसांची इतकी मऊ की हात आरपार माझ्या टाक्यांवर. दुकानदार म्हणाला, "ताई, खोकल्याचं औषध पलीकडे मिळतं." नवरा हसला. मी डोळे वटारले.

मग मीच ढिगातून एक ओढून काढली. साधी कापसाची, पांढरी, ना धड मोठी ना लहान. पोटाशी धरली आणि खोकले. काहीच नाही. पुन्हा जोर लावून खोकले. छे! दुखलंच नाही. मी हसून पाहिलं, उठून पाहिलं, वाकून पाहिलं. पोट कापलंय हे माझ्या पोटालाच ठाऊक नव्हतं. "हीच," मी म्हटलं. माझा जीव भांड्यात पडला.

त्या दिवसापासून मी ती सोडलीच नाही. बसताना, उठताना, जेवताना माझा एक हात उशीवर. गोळ्या बंद झाल्या. सासूबाई म्हणाल्या, "बघ, मी म्हणत नव्हते, उठून चालायला लागलीस की बरं वाटेल." श्रेय घ्यायची त्यांची घाई मोठी. मी मात्र एक गोष्ट कुणाला बोलले नाही. उशी बाजूला ठेवून मी आंघोळीला जायचे, आणि परत आल्यावर ती उबदार असायची. आताच कुणी पोटाशी धरून उठलंय, तशी. ऊन पडलं असेल, म्हटलं. त्या खिडकीतून ऊन येत नाही, हे मला माहीत होतं.

एकदा चिमी काही केल्या थांबेना. सासूबाईंनी तिला सहज त्या उशीवर आडवी ठेवली, आणि ती चटकन गप्प झाली. "अगंबाई! तुझा वास येतो ना हिला," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. मलाही बरं वाटलं, खोटं का बोलू? मग हे रोजचंच झालं. चिमी रडली की उशी. सासूबाई शेजारी बसून तिच्यावर नजर ठेवायच्या. घरात कशी शांतता. येणारी-जाणारी म्हणायची, "किती गुणी गं पोर!"

आणि गुणी पोर माझ्याकडे आली की किंचाळायची.

आधी वाटलं पोट दुखत असेल. मग माझ्या लक्षात आलं की मला पान्हाच फुटत नाही. ती रडायची आणि मी ऐकत बसायचे, शेजारच्या घरातलं पोर रडतंय तसं. छाती कोरडी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ताण घेऊ नका, सारखं अंगावर लावत राहा, तोवर वरचं दूध द्या. मी लावायचे, ती तोंड फिरवायची. तो एक डोळाही आता माझ्याकडे उघडत नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "होतं असं, जिवाला लावून घेऊ नकोस." मी म्हटलं, "लावून घेतलं असतं तर बरं झालं असतं, आई. काही लागतच नाहीये." मी बाथरूममध्ये जाऊन टाक्यांच्या जागेवर बोट दाबलं. मग नख रोवलं. काही नाही. पोटात असताना ती उजवीकडे लाथा मारायची की डावीकडे, ते आठवून पाहिलं. तेही आठवेना.

भर दुपारची गोष्ट. सासूबाई चिमीजवळ बसल्या होत्या म्हणून मी केस धुवायला गेले. बाहेर येते तर सासूबाई खुर्चीत पेंगलेल्या, आणि पलंगावर चिमी कुशीवर वळलेली. एवढंसं पोर आपलं आपण कुशीवर वळतं कुठे? तिचं तोंड उशीला लागलेलं. मी धावले. नाक दबलं असेल, श्वास कोंडला असेल, काय काय मनात आलं. जवळ जाऊन बघते तर श्वास व्यवस्थित चालू होता. दोघींचाही. चिमीचा भराभर, आणि उशीचा सावकाश, झोपेतल्या बाईसारखा. चिमीचे गाल आत-बाहेर होत होते. घटाघट आवाज येत होता. आणि तिचा एक डोळा किलकिला उघडा होता, उशीकडे.

मी तिला हिसकून उचललं. तिने जो टाहो फोडला! तिच्या हनुवटीवरून दूध ओघळत होतं. ती रडत होती माझ्या खांद्यावर, आणि उशीच्या अभ्र्यावर, मधोमध, ओला डाग पसरत चालला होता. तिच्या रडण्याने पान्हा फुटत होता, पण मला नाही.

"काय झालं गं? झोपली होती ना ती?" सासूबाई दचकून उठल्या.

"आई, हिला धरा," मी म्हटलं. "आणि काही झालं तरी तिकडे ठेवू नका."

मी अभ्रा ओढून काढला. उशीच्या पांढऱ्या कापडावर खालच्या बाजूला आडवी शिवण होती. दुकानात नव्हती, मी शपथेवर सांगते. कडा सुजल्यासारख्या, लालसर. एकेक टाका मला ओळखीचा वाटला, कारण आरशात मी रोज तेच बघत होते. बोट लावलं तर उशी आक्रसली. तिला दुखलं. मला काहीच झालं नाही, आणि तेव्हा मला सगळं कळलं. माझं दुखणं मी तिला देऊन बसले होते, आणि दुखण्याच्या पाठोपाठ बाकीचंही गेलं होतं.

ड्रॉवरमधून कात्री घेतली. पहिला टाका कापला आणि मी वाकलेच. ओटीपोटात एका टोकाला चर्रकन आग झाली. दुसरा कापला. आई गं! "तुला वेड लागलंय का?" सासूबाई ओरडल्या. "चांगली उशी फाडतेस?" तिसऱ्याला मी गुडघ्यांवर आले. दर टाक्याला पोट नव्याने कापलं जात होतं, आणि या वेळी भूल नव्हती. उशी धपापत होती. निम्म्यावर हात थांबले. वाटलं, राहू दे. उशीजवळ चिमी शांत असते, पोट भरतं तिचं, मलाही काही दुखत नाही. वाईट काय त्यात? कुणाचंच काही वाईट नव्हतं. हातातून कात्री गळून पडली.

चिमी रडतच होती. आणि ते रडणं अजून शेजारच्या घरातलंच वाटत होतं.

"आई," मी म्हटलं, "माझ्याने होत नाही."

सासूबाई चिमीला खांद्याशी धरून खाली बसल्या. बहुधा मला रागावणारच होत्या. त्यांनी उशी बाजूला सारायला हात घातला आणि बोटं उसवलेल्या शिवणीतून आत गेली. झटका बसल्यागत त्यांनी हात मागे घेतला. बोटं ओली होती. त्यांनी ती नाकाशी नेली. वास घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्याकडे सल्ला नव्हता.

"दोन मुलं मी अशीच पोट कापून काढलीत," त्या हळूच म्हणाल्या. "मला माहितीये कसं दुखतं." त्यांनी चिमीला माझ्या मांडीवर ठेवलं आणि कात्री उचलली. "पोरीला घट्ट धर. मी थांबणार नाही. तू थांब म्हणालीस तरी."

त्या थांबल्या नाहीत. मी थांब म्हणाले, नको म्हणाले, तोंडाला येईल ते बोलले. शिकाऊ लोकांनाही मी कधी दिल्या नव्हत्या अशा शिव्या दिल्या. शेवटच्या टाक्याला मी किंचाळले, आणि उशीतून एक लांब श्वास सुटला. मग खोलीभर नुसता कापूस. पांढरा, थंड, कोरडा.

चिमी गप्प झाली होती. माझ्या किंचाळण्याने दचकून बघत होती. मग तिने ओठ काढले आणि रडायला लागली, आणि ते रडणं थेट माझ्या छातीत घुसलं. ब्लाउज भिजला. मी तिला ओढून घेतलं, तिची टाच नेमकी टाक्यांवर बसली, डोळ्यांपुढे अंधारी आली. तिने तोंड शोधत शोधत मला धरलं.

"टाच सरकवू का तिची?" सासूबाईंनी विचारलं. "फार दुखतंय?"

"खूप दुखतंय," मी म्हटलं. "असू दे, आई. तिथेच असू दे."