बेचाळीस डिग्रीचं विसण

शंतनुने गिझरचा काटा बेचाळीसवर आणला आणि त्याला जग जिंकल्यासारखं वाटलं. हा गृहस्थ कंपनीत सर्व्हर थंड ठेवतो आणि घरी येऊन पाणी तापवण्याच्या मागे लागतो. अकरा दिवस तो राजाजीनगरच्या फ्लॅटमध्ये थर्मामीटर घेऊन बादलीपुढे उकिडवा बसत होता. साठ डिग्रीपर्यंत पाणी तापवायचं आणि मग त्यात गार ओतायचं, यासारखा गाढवपणा नाही, असं त्याचं मत. आता नळातून अंगावर घेण्याजोगंच पाणी येणार होतं. विसण बंद!

त्याच आठवड्यात कृष्णाआत्या निपाणीचं घर बंद करून कायमची राहायला आली. आईमागे शंतनुला तिनेच वाढवलेलं, त्यामुळे त्याला आनंद मावत नव्हता. पहिल्याच दिवशी ती न्हाणीत गेली आणि तासाभराने कोरडीच बाहेर आली.

"विसण घातल्याबिगर आंघोळ हुते काय रे?"

"आत्या, पाणी बरोब्बर आहे. हात लावून बघ."

"लावला की. मग पुढं काय करू?"

आंघोळीशिवाय ती अन्नाला शिवत नसे. दोन दिवस नुसत्या चहावर गेले. तिसऱ्या दिवशी तिने पिशवी भरली आणि संध्याकाळच्या गाडीची चौकशी केली. तरी काटा फिरवायला शंतनुचा हात धजेना. अकरा दिवसांची मेहनत होती! शेवटी त्याने त्याच नळाखाली दोन बादल्या भरल्या.

"हे गरम," तो गंभीरपणे म्हणाला, "आणि हे विसण."

आत्याने हात बुडवला. या बादलीतलं तांब्याभर त्या बादलीत ओतलं. पुन्हा हात. आणखी अर्धा तांब्या.

"सरी. जमलं," म्हणत तिने दार लावून घेतलं.

आत्या जेवायला बसल्यावर मात्र त्याला राहवेना. "आत्या, दोन्ही पाणी एकच होतं."

"हाताला कळलं की." तिने भाकरी मोडली. "पर ह्या घरात सगळं आपोआप हुतंय बाळ. माझा हात कशाला लागणार, म्हणून पिशवी भरली."

शंतनु उठला, काटा साठवर नेला, पाणी तापेपर्यंत थांबला. मग बादली भरून, टॉवेल गुंडाळून हा चाळिशीचा बाप्या न्हाणीतल्या स्टुलावर बसला.

"आत्या," त्याने हाक मारली, "विसण घाल गं. पोळतंय."