सुलभेचा ताप

मित्रांनो, मी फणसाच्या लाकडाची, पितळी कडीची एक म्हातारी पेटी आहे. एके काळी माझ्या पोटात पुस्तकं असायची. खालापूरच्या सुताराने मला दोन कप्पे केले. खालच्यात इतिहास, कारण तो जड. वरच्यात कादंबऱ्या: प्रेमाच्या, हेरांच्या, भुतांच्या, आणि एक अशी की तिच्यातले सगळेच जण शेवटी वकील होतात. महायुद्धाची वर्षं होती. कर्जतच्या एका वाचनालयाने मला गावोगाव धाडायचं ठरवलं आणि येसाजीच्या बैलगाडीतून हिंडत मी एकेका गावी महिनाभर मुक्काम करू लागले.

दहिवलीला माझा मुक्काम देवळाच्या ओट्यावर असे. चार इयत्ता शिकलेला भिवाजी वाचायचा आणि गाव ऐकायचं. वाचायचं म्हणजे पोथी, एवढंच तिथे ठाऊक. त्यामुळे कादंबरीलाही पाट मिळे, हळदकुंकू मिळे, आणि भिवाजी प्रेमपत्रंसुद्धा पोथीच्या चालीवर वाचे. इतिहासावर मात्र कुणाचा फारसा विश्वास नव्हता. दुष्काळात राजाने शेतसारा माफ केला, हे ऐकून अख्खा ओटा हसला. "रचून लिवलंय," असा निकाल लागला. कादंबरी तेवढी खरी.

ती ऐकायला सोनाबाई सगळ्यांत पुढे बसे. आदल्या वर्षी तिची लेक तापाने गेली होती. कादंबरीतली सुलभा बिनआईची. सोनाबाई तिला 'आमची पोर' म्हणू लागली होती. एका संध्याकाळी सुलभेला ताप चढला आणि नेमका उजेड गेला. रॉकेल परमिटावर, कंदील कोण लावणार? पण पोथी अशुभ जागी थांबवायची नाही, असा रिवाज.

"भिवाजी, पोरीला अशी तापात टाकून उठायचं व्हय रं?"

"काकी, अक्षर दिसत नाय. उद्या बघू."

"तुजं उद्या. ताप थांबतोय व्हय तवर?" म्हणत सोनाबाईने तिथल्या तिथे गावदेवीला नारळ बोलला.

सकाळी भिवाजी एकटाच आला आणि त्याने पुढची पानं चाळली. दोन पानं उलटली आणि सुलभा मेली होती. त्याने पुस्तक मिटून माझ्या वरच्या कप्प्यात ठेवलं.

संध्याकाळी ओटा लवकर भरला. भिवाजीचं बोट छापील ओळींवरून चाललं होतं, तोंड मात्र भलतीकडे. त्याने सुलभेला गवती चहाचा काढा पाजला, ताप उतरवला, लग्न लावलं, आणि जाता जाता तिच्या दावणीला म्हैस बांधली. लेखकाला म्हैस सुचली नव्हती. मी पुष्कळ विद्वान पोटात वागवले, पण भिवाजीच्या तोडीचा एकही माझ्या वरच्या कप्प्यात नव्हता. सोनाबाईने नारळ फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा पुस्तकावर ठेवला.

मग मी चौक नावाच्या गावी गेले. तिथला वाचणारा सरळ माणूस. छापलंय तेच वाचे. फिरून दहिवलीला आले, तेव्हा मला उतरवता उतरवता येसाजी बोलून गेला, "सोनाबाय, तुमची सुलभा चौक गावात मेली की. समदं गाव रडलं."

 भिवाजी माझी कडी काढत होता, ती त्याने पुन्हा लावली. खोटं उघडं पडलं, तर त्याचं वाचन पुन्हा कोण ऐकणार? आणि सोनाबाईची लेक दुसऱ्यांदा जाणार.

सोनाबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला. "तितं कुनी नवस बोललं व्हतं?"

"नाय बा."

"मंग काय व्हनार?" ती येसाजीवरच उखडली. "आनि तू रं? गाडी हाकतोस का झोपा काडतोस? म्होरल्या गावाला आदी सांगायचं, पोरीला ताप येनार हाय, नारळ बोलून ठेवा."

येसाजीने ते काम इमानाने केलं. त्यानंतर मी जिथे उतरले, तिथे कडी निघण्याआधी नारळ बोललेला असे. आणि समोर नारळ असताना सुलभेला मारायची छाती एकाही वाचणाऱ्याला झाली नाही. कुठे तिला शेळ्या मिळाल्या, कुठे जुळं झालं. छापलेलं मरण पानातच पडून राहिलं.

मित्रांनो, पुस्तकांना कव्हर घाला, पानं दुमडू नका, वाळवीपासून जपा. आणि कधी मोठ्याने वाचायची वेळ आली, तर पान उलटण्याआधी मान वर करून एकदा बघा, समोर कोण बसलंय ते.