सातवी चकती

मुलीने सातवी चकती खुंटीत घातली आणि तिच्या आईने दोन्ही हात तोंडावर दाबले.

"मावशी, हिनं ऐकलं! पाहिलंत ना तुम्ही?"

"गप्प बस बघू जरा," मावशी म्हणाली. पण तिलाही हसू आवरत नव्हतं.

दवाखान्यातल्या कान तपासण्याच्या या खोलीत मावशीची नोकरीची बावीस वर्षं गेली होती. काचेपलीकडच्या बंद कोठडीत हेडफोन लावलेलं मूल, अलीकडे ती. तिने हातातलं बटण दाबायचं. आवाज ऐकू आला की मुलाने चकती खुंटीत घालायची. कोठडीतल्या माइकमधून खट्ट ऐकू यायचं. सगळे तिची चेष्टा करायचे, लॉटरी लागली तरी मावशीच्या तोंडावरची रेष हलायची नाही. या कामाला तसाच चेहरा लागतो.

या पाच वर्षांच्या मुलीसाठी मात्र तिचा जीव तुटायचा. जन्माच्या वेळी साठवलेल्या नाळेच्या रक्तातल्या पेशी सहा महिन्यांपूर्वी त्या मुलीच्याच शिरेत सोडल्या होत्या. त्याने कान सुधारतो का, हे बघायचा प्रयोग. त्याआधी एकही चकती नव्हती. तिसऱ्या महिन्यात चार. आज सात.

"बारा मुलं थांबलीत," डॉक्टर दारातून म्हणाले. "आजचा कागद मिळाला की सोमवारी पहिली दोन प्रयोगात घेतो. एक तर आठ महिन्यांचं आहे. आटपा लवकर."

मावशीने आवाज कमी करायला यंत्राकडे हात नेला. हेडफोनची वायर जोडलेलीच नव्हती. सकाळी टेबल पुसताना तिनेच काढलेली पिन फडक्याखाली पडून होती. सातही वेळा कोठडीत काहीच वाजलं नव्हतं.

तिने वर पाहिलं. मुलगी पापणीही न लववता तिच्या कपाळाकडे बघत होती. मावशीने पुन्हा बटण दाबलं. काचेत तिला स्वतःचा पुसट चेहरा दिसला, आणि त्यातल्या भुवया वर गेलेल्या दिसल्या.

खट्ट. आठवी चकती.

तिसऱ्या महिन्यातल्या चार चकत्या तिला आठवल्या. तिने पिन जोडली, आवाज पार वर नेला आणि खुर्ची फिरवून काचेकडे पाठ केली.

"असं का बसलात?" आईने विचारलं.

मावशीने बटण दाबलं. माइकमधून काही आलं नाही. आणखी एकदा. आणखी एकदा.

"दमली असेल हो ती," आई म्हणाली. "सकाळपासून धड खाल्लं नाहीये तिनं."

डॉक्टर आत आले. त्यांनी दार लावून घेतलं. "मावशी, सात चकत्या मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्यात. सात लिहा."

"वायर निघालेली होती, साहेब. ती माझं तोंड बघून चकत्या घालते. मागचा कागदही खोटा आहे. चूक माझीच."

"बारा घरं आस लावून बसलीत."

"म्हणूनच सांगतेय. सोमवारी कुणाला घेऊ नका."

तिने कागदावर 'प्रतिसाद नाही' लिहून खाली सही केली. आई तिच्याकडे अशी बघत होती की मावशीला मान वर करवेना.

एवढ्यात कोठडीचं दार उघडलं. मुलगी नववी चकती घेऊन बाहेर आली. तिने मावशीची हनुवटी धरली, तिचं तोंड आपल्याकडे वळवलं आणि चकती उचलून ती वाट बघत उभी राहिली.

मावशीने भुवया हलू दिल्या नाहीत.