तीन डिस्कचा एकोपा

शेवटच्या प्रकरणाचं दुसरं पान वाचून होतंय तोच संगणकानं जाहीर केलं, की जागा संपली. ताईनं कपाटातून डोकं बाहेर काढलं. अगदी खरोखरच्या कपाटातून. रस्त्यावरचे हॉर्न ध्वनिमुद्रणात शिरू नयेत म्हणून ती गाद्या-रजयांच्या कपाटात मान घालून वाचायची. अंध विद्यार्थ्यांसाठी इतिहासाचं जाडजूड पुस्तक तिनं असंच घामाघूम होत वाचत आणलं होतं. मुलांची परीक्षा तोंडावर होती आणि उद्या संध्याकाळी ग्रंथपाल बाई ते न्यायला येणार होत्या.

"एवढंच ना?" धाकटा भाऊ म्हणाला. तो पूल बांधणारा इंजिनिअर. पण घरच्यांच्या लेखी इंजिनिअर तो इंजिनिअर, मिक्सरपासून मोबाईलपर्यंत सगळं त्याच्याच गळ्यात. "घरात तीन डिस्क आहेत. तुझी, माझी, अण्णांची. प्रत्येकीत थोडी थोडी जागा आहे. मधल्या भिंती पाडू आणि एकच मोठी करू. आहे काय त्यात!"

त्यात काय आहे, ते भिंती पाडायला घेतल्यावर कळलं. तिन्ही एक करायच्या तर आधी तिन्ही पुसायला लागतात. पुसायच्या तर आतला माल दुसरीकडे हलवायला हवा.

"म्हणजे जागा करायला जागा पाहिजे," ताई म्हणाली.

"तात्पुरती गं."

"ती असती तर तुला कशाला हाक मारली असती रे?"

काहीतरी काढून टाका म्हणावं, तर भाऊ पुलाच्या एकाच खांबाच्या ढीगभर व्हिडिओंपैकी एकही सोडायला तयार नाही. प्रत्येकात म्हणे ऊन वेगळं पडलंय. अण्णा, म्हणजे या दोघांचे वडील, कारखान्याच्या भांडाराचे निवृत्त प्रमुख. त्यांच्या डिस्कवर घरातल्या झाडून सगळ्या वस्तूंचे चारही बाजूंनी काढलेले फोटो होते. झाडूचेसुद्धा.

"अण्णा, झाडूला कुठल्या चार बाजू?"

"हरवला तर ओळखशील कशावरून?"

शेवटी तिघांचे फोन, शेजारणीचा लॅपटॉप आणि खणात सापडेल तो पेनड्राइव्ह यांत सगळा संसार कोंबला गेला. दिवस त्यातच गेला. मग मात्र पडद्यावर खरंच एक लठ्ठ डिस्क अवतरली. संसार परत आत आला. दुसऱ्या दिवशी दुपारी ताईनं पुस्तकाचं शेवटचं वाक्य वाचलं आणि कपाटातच डोळे मिटले.

पाच वाजता अण्णा उठले. त्यांनी आपली डिस्क उपसली, फडक्यानं पुसली, लोखंडी कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकून फिरायला निघून गेले. उभ्या नोकरीत त्यांचं भांडार पाचला बंद झालं होतं.

पडद्यावरची लठ्ठ डिस्क नाहीशी झाली.

"दोन आहेत ना अजून? निदान तेवढं तरी राहिलं असेल?" ताईचा आवाज चिरकला.

"नाही गं. माल तिघींवर मिळून पसरलाय. एक गेली की सगळंच बसतं."

"आणि हे तू आत्ता सांगतोयस?"

"मधेच कोणी उपसेल असं वाटलं नाही मला."

"का रे, अण्णांची आणि तुझी ओळख कालची आहे का?"

तेवढ्यात ग्रंथपाल बाई आल्या. त्यांना पाणी झालं, चहा झाला, दुसरा चहा झाला. मग अण्णा आले, अगदी प्रसन्न.

"अण्णा, डिस्क!"

"मी माझीच काढली. तुमच्या दोघांच्या आहेत की जागेवर."

"आता तुमची-आमची राहिली नाही हो. तिघी मिळून एक आहे," भाऊ म्हणाला.

"एक आहे, तर मला तीन कशा दिसतात?"

यावर इंजिनिअरिंगच्या कुठल्याच वर्षात काही शिकवत नाहीत.

"कुलूप उघडा," ताई दातओठ खात म्हणाली.

"भांडार बंद झाल्यावर उघडायचं तर तसं कारण लागतं."

"मुलांची परीक्षा आहे हो," बाई हळूच म्हणाल्या. "हे पुस्तक दुसऱ्या कोणी वाचलेलं नाही."

अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि निमूट किल्ली काढली. डिस्क जोडली. संगणक विचारात पडला. ताईनं ओढणीचा बोळा तोंडात धरला होता. बऱ्याच वेळानं लठ्ठ डिस्क परत दिसू लागली, आणि ताईनं आधी भावाचा आणि मग अण्णांचा हात धरून दोघांना टेबलापासून लांब उभं केलं.

पुस्तक बाईंच्या डिस्कवर गेलं. ताईनं ते चार ठिकाणी ऐकून पाहिलं. सगळं शाबूत होतं.

"पण एवढा खटाटोप जागेसाठी?" बाई म्हणाल्या. "आमच्याकडे कोऱ्या डिस्कनी खण भरलाय. एक फोन करायचा ना!"

भाऊ खिडकीबाहेर काहीतरी पाहू लागला.

"कोरी डिस्क राहू द्या," ताई म्हणाली. "तुमच्याकडे एखादी रिकामी खोली आहे का? पुढचं पुस्तक मी तिकडेच येऊन वाचते."

"आहे की. मागच्या बाजूला आहे, शांत."

"कुलूप आहे का तिला?" अण्णांनी काळजीनं विचारलं.

"आतून लागणारं असेल तर बरं," ताई म्हणाली.