सव्वीस की सत्तावीस

सात.

"दादाभाऊला ठेवायचं म्हंजी गोकुळला सोडायचं. दोन्ही डगरींवर पाय न्हाई ठेवता येत, राव."

बाळासाहेब बाकावर मांडी ठोकून बसले होते. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी आवाज अजून मागच्या सीटपर्यंत पोचायचा. इथं तर समोर चार हातांवर दादाभाऊ स्वतः बसलेला. मांडीपुढं मोटरचं उघडं स्टेटर, हातात तार, आणि ओठ हलताहेत.

आठ.

मिस्त्री मोजत असताना त्याला हाक मारायची नाही, हा पिंपळवंडीतल्या त्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानाचा नियम. तार स्टेटरच्या एका गाळ्यातून, म्हणजे लोखंडातल्या खाचेतून, आत घालायची, दुसऱ्यातून ओढून घ्यायची, की झाला एक वेढा. असे छत्तीस वेढे झाले की एक कॉइल. एखादा वेढा कमी पडला तरी मोटर चालते. महिनाभर चालते, दीड महिना चालते, आणि मग तीनशे फुटांवर, बोअरच्या पोटात, एके दिवशी जळते. म्हणून मिस्त्रीचे ओठ हलत असले की त्याला कुणी हाक मारत नसे.

आणि हाक मारायची नाही म्हणजे त्याला ऐकूच येत नाही, असं हळूहळू सगळ्यांनी धरून टाकलं होतं. दादाभाऊनंही तो समज कधी मोडला नाही. गेली एकवीस वर्षं या बाकावरची माणसं त्याच्या देखत जावयांबद्दल, भावकीबद्दल, एकमेकांबद्दल नको नको ते बोलत आली होती. दादाभाऊ मोजत राहिला आणि सगळं ऐकत राहिला.

आज ती त्याच्याबद्दल बोलत होती.

नऊ. दहा.

"सहा वाजेपर्यंत नावं पाठवायचीत," कल्पेश म्हणाला. तो फतेचंद शेठचा मुलगा, पेठेत कापडाचं दुकान. टेनिस बॉलच्या दोन तालुक्यांच्या लीगमध्ये गावाच्या टीमचे कपडे आणि दुपारचं जेवण त्याच्याकडून असे. टीमला दुसरा कुणी वालीच नव्हता. "दोनच खेळाडू राखता येतात. एक अमृत, त्याच्या बॉलिंगबद्दल वाद नाही. दुसरा कोण, एवढंच ठरवा. बाकीचे सगळे रविवारी लिलावात."

"आन् लिलावात गोकुळ आपल्या हाताला लागल व्हय? आहुप्याच्या डोंगरातनं उतरून तीन मॅचमधी अकरा सिक्स मारलेत त्यानं. मंचरचा तो बिल्डर टपून बसलाय. त्याच्यापुढं आपण काय ठेवणार, तुजं जेवण?"

"जेवणाला काय झालंय?"

"काय झालं न्हाई. त्यात कांदा घातला असता तर निम्मे प्लेअर आपलेच झाले असते."

कल्पेश हसला. बाकाच्या टोकाला बसलेले धर्माजी मात्र हसले नाहीत. ते खोडदहून आले होते आणि स्टेटर त्यांच्या मोटरचं होतं. दसऱ्यासाठी लावलेला झेंडू कळीवर आलेला, दोन दिवस पाण्यावाचून उभा. रात्री दहाला शेतीची थ्री फेज वीज येणार, त्याआधी मोटर बोअरमध्ये उतरायला हवी. ते दर दोन मिनिटांनी मोबाइल काढून वेळ बघत आणि पुन्हा खिशात घालत.

तेरा. चौदा.

शेजारच्या टपरीवरून जया चहा घेऊन आली. बोलावं लागत नसे. बाकावर तीन डोकी दिसली की ती चार कप भरायची. टीमची स्कोअररही तीच. अक्षर मोत्यासारखं, आणि कुणाच्या बापाला एक रन फुकट द्यायची नाही.

"ठरलं का?"

"ठरतंय," बाळासाहेब म्हणाले.

"दादाभाऊला काढताय ना? तोंडावर बोला की मग."

"त्यो मोजतोय."

जयानं एकदा दादाभाऊकडं पाहिलं. कप त्याच्याजवळ ठेवला, त्यावर बशी झाकली.

सतरा.

"मी काय वैरी हाय का त्याचा?" बाळासाहेबांचा आवाज उतरला. "तेवीस वर्षं कीपिंग केलं त्यानं, कॅप्टनकी बी केली. त्याच्या पयल्या मॅचला मी ड्यूटी बदलून आलो व्हतो. पर त्रेचाळिसाव्या वर्षी माणूस वाकला की उठताना दिसतो गं. ह्या साली तीन कॅच सोडले."

"दोन," जया म्हणाली. "तिसरा बॅटला लागलाच नव्हता. वही आणू?"

"आन् सेमी फायनल? घोडेगावची? ती आणशील का वहीतनं?"

एकोणीस. तार गाळ्यात जरा अडली. दादाभाऊनं बोटांनी ती सोडवली. वीस.

घोडेगावची सेमी फायनल कुणाला सांगायला नको होती. शेवटचा बॉल, समोरच्यांना तीन रन हवे. अमृतनं सरळ बॉल टाकला, बॅट हवेत फिरली. बॉल थेट दादाभाऊच्या हातात यायचा तो ग्लोव्हजच्या बाजूनं निघून बाउंड्रीला गेला. चार बाय. पिंपळवंडी घरी.

"ऊन व्हतं डोळ्यावर," जया म्हणाली. "दादाभाऊ तवाच म्हणले. शेऱ्यात मी लिवलंय, ऊन. सूर्य मावळतीला आला व्हता, पाच वाजून पन्नास मिन्टं. देवाला बी न्हाई दिसणार त्यो बॉल."

"उन्हानं कुणाचाही बॉल सुटतो," कल्पेश म्हणाला. "ते धरायला नको, बाळासाहेब. ते एक सोडलं तर कीपर वाईट नाही. आणि समजा आपण नाही राखलं, तर या वयात लिलावात त्यांच्यावर हात कोण वर करणार? भर हॉलमध्ये…" त्यानं वाक्य पुरं केलं नाही.

"ह्ये बी खरंय," बाळासाहेब म्हणाले. मग पायानं जमीन उकरत म्हणाले, "ऊन असंल तर मी बोलत न्हाई. ठेवा मग दादाभाऊला."

बावीस. तेवीस. तार कशी सुळकन आली.

"कंची मॅच म्हणता?" धर्माजींनी विचारलं.

एवढा वेळ ते बोलले नव्हते, म्हणून सगळे वळले.

"घोडेगावची. मार्चमधली."

"मी व्हतो तिथं. बाजाराला गेलो व्हतो त्या दिशी." धर्माजी सहज बोलत होते, वेळ जावा म्हणून बोलावं तसे. "शाळेच्या भिंतीला टेकून बसलो व्हतो. ऊन लई व्हतं, खरंय. माझ्या डोळ्यात जायला लागलं म्हणून मी रुमाल बांधला."

"बगा," जया म्हणाली.

"पर कीपर माझ्याकडं तोंड करून बसला व्हता की."

"कुणीकडं?" बाळासाहेबांनी विचारलं.

"म्हंजी कसं," धर्माजींनी हातानं दाखवलं, "मी हितं. ऊन माझ्या समोर. कीपर माझ्याकडं बगतोय. मग ऊन त्याच्या पाठीवर पडणार ना?"

पंचवीस.

बाळासाहेबांनी कप खाली ठेवला. कल्पेश रस्त्याकडं बघू लागला. जयाच्या कपाळावर आठी आली. ते मैदान ती मनातल्या मनात फिरवून बघत होती, शाळा इकडं, मावळत तिकडं. मग एकेक करून सगळ्यांच्या नजरा दादाभाऊवर येऊन थांबल्या.

त्याचे ओठ हलत होते. तार हातात होती.

सव्वीस.

की सत्तावीस?

पंचवीस म्हटलं तेव्हा तार आत होती की बाहेर? धर्माजींनी हात केला तेव्हा एक वेढा झाला होता, तो मोजला का? दादाभाऊनं खाली पाहिलं. गाळ्यात तारांवर तारा चढून गुच्छ झालेला. तो बाहेरून कुणाला मोजता येतो?

हात मात्र थांबले नव्हते. आणखी एक वेढा ओढला गेला. ओठही हलत राहिले, पण त्यांत आकडा नव्हता.

असंच छत्तीसपर्यंत जाता येत होतं. एका वेढ्याचा फरक, तोही असलाच तर. मोटर आज रात्री पाणी ओढेल, झेंडू दसऱ्याला निघेल. आणि बाकावरची माणसं समजतील की मिस्त्री मोजत होता, त्यानं काही ऐकलं नाही. ऊन की सावली, हा वाद त्यांच्यातच मुरेल. कल्पेश मऊ मनाचा होता, बाळासाहेब तर आता आता वळले होते. यादीत नाव राहिलंही असतं.

थांबलं तर सगळ्यांना कळणार होतं, की याला ऐकू येतं.

त्यानं आणखी एक वेढा ओढला. अर्ध्यावर हात थांबला.

मग त्यानं तारेचं टोक चिमटीत धरलं आणि उलटं काढायला लागला. एक वेढा, दुसरा, तिसरा, सर्रसर्र. मोकळी तार पायाशी पडत गेली.

"काय झालं?" धर्माजी उठूनच उभे राहिले. "काढता काय, मिस्त्री?"

"मोजणी चुकली."

"अवो, सव्वासहापर्यंत देतो म्हणला व्हता!"

"देतो. ही एकच कॉइल ऱ्हायलीय." तार काढता काढताच, वर न बघता दादाभाऊ म्हणाला, "ऊन नव्हतं."

त्यानं आणखी एक वेढा काढला.

"संध्याकाळी मला बॉल दोन दिसत्यात. दोन वर्षं झाली. दोन्हीतला खरा कंचा, ह्ये आवाजावरनं धरायचो. त्या दिशी बॅट लागलीच न्हाई, आवाज आला न्हाई. चुकीचा धरला."

"मग बोलला का न्हाई?" बाळासाहेब.

"बोललो असतो तर काय केलं असतं तुमी?"

धर्माजी पुढं झाले, स्टेटरकडं बघितलं, मग मिस्त्रीच्या डोळ्यांकडं. "तार तर एकच दिसती ना?"

"तार हाताला दिसती, पावणं. बसा तुमी."

जया एवढंच म्हणाली, "मी वहीत ऊन लिवलंय."

"खोड."

"लिवलेलं मी खोडत न्हाई." ती कप गोळा करायला लागली. त्याच्या कपावरची बशी तिनं काढली, चहा निवलेला पाहिला आणि गटारात ओतला. दुसरा आणायला गेली नाही. तिथंच उभी राहिली.

दादाभाऊनं हात पुसले. फोन हातभर लांब धरून त्यानं आयोजकांना लिहायला घेतलं. टीमचा कॅप्टन म्हणून यादी त्याच्याच फोनवरून जायची. अमृत. गोकुळ.

"थांब रं, घाई काय," इतका वेळ त्याला काढायला निघालेले बाळासाहेब म्हणाले. "अजून वीस मिन्टं हायत. इचार करू. दिवसाच्या मॅचला तर तुला दिसतंय की."

"फायनल सांच्यालाच असती, बाळासाहेब."

"दादाभाऊ," कल्पेश हळूच म्हणाला, "खाली 'नाव मागे' असं लिहा. नाहीतर राखलेलं नाही म्हटल्यावर तुमचं नाव आपोआप लिलावात जातं."

"हां, मागं घ्या," जया म्हणाली. "तीनदा पुकारत्यात. आठ टेबलं असत्यात, दोन्ही तालुक्यांतली समदी गावं बसल्याली असत्यात. कशाला?"

दादाभाऊनं 'गोकुळ'पुढं पूर्णविराम दिला.

"तेवीस वर्षं खेळलो," तो म्हणाला. "एकदा नाव तर पुकारू द्या."

त्यानं यादी पाठवली. फोन शर्टाच्या खिशात टाकला, तार सरळ केली.

एक.

या वेळी बाकावर कुणी बोललं नाही. दोन. बाळासाहेब खोकला आला तरी रस्त्यावर जाऊन खोकून आले. तीन. चार.

छत्तीसला धर्माजींनीच मोठ्यानं "झाले!" म्हटलं. तेही मोजत होते.

*

रविवारी नारायणगावच्या मंगल कार्यालयात पंखे फिरत होते आणि तरी सगळे घामाघूम होते. प्रत्येक टीमला एक टेबल, टेबलावर नंबराची पाटी, पाटीच्या मागं कॅप्टन आणि मालक. पिंपळवंडीच्या टेबलाशी दादाभाऊ आणि कल्पेश. राखलेल्यांत नसला तरी लीगमधला कोण कसा खेळतो हे दादाभाऊइतकं कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून पाटी त्याच्या हातात. दुपारपर्यंत त्यांनी आठ जण घेतले. लिलावासाठी मिळालेल्यांपैकी हाताशी सहाशे पॉइंट उरले आणि कीपर अजून मिळायचा होता. एका खेळाडूची कमीत कमी बोली पाचशे.

"त्रेचाळीस नंबर," माइकवरच्या माणसानं कागद डोळ्यांजवळ नेला. "विकेटकीपर. दादाभाऊ सखाराम लेंडे, पिंपळवंडी."

वडिलांच्या नावासकट घेतलं. स्वच्छ घेतलं.

हॉलमध्ये माना वळल्या. मागून एक शिट्टी आली. ती टिंगलीची नव्हती, आणि त्यामुळं कल्पेशला जास्तच वाईट वाटलं.

"पाचशे. कोण?"

मंचरच्या टेबलावर दोघं फोनमध्ये बघत होते. ओतूरचे लोक आपसात काही बोलले आणि गप्प झाले.

"पाचशे. दुसऱ्यांदा."

कल्पेशचा हात टेबलाखालून वर आला आणि पाटीवर गेला. "मी घेतो," तो पुटपुटला. "कीपरच घ्यायचाय ना? आपलाच घेऊ. सहाशे आहेत की."

दादाभाऊनं त्याचं मनगट धरलं. जोरात नाही, पण सोडवता येणार नाही असं. "चव्वेचाळिसावा बघितलाय तुमी? बेल्ह्याचा. बावीस वर्षांचा हाय. दोन हातांनी बॉल घेतो, आवाज होत न्हाई."

"दादाभाऊ, अहो पण…"

"पाचशे गेले तर त्याला काय द्याल?"

"तिसऱ्यांदा," माइकवरचा माणूस म्हणाला. तो जरा थांबला, नियमापेक्षा थोडा जास्तच. मग कागदावर रेघ ओढल्याचा आवाज माइकमधून सगळ्या हॉलला ऐकू आला.

"पुढचं नाव. चव्वेचाळीस नंबर. विकेटकीपर…"

नाव पुरं व्हायच्या आत दादाभाऊनं पाटी वर केली.